लांबची एक सहल नको, जवळची तीच जागा चार वेळा दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळांच्या निसर्गसहलींबद्दल लिहायचंय, जरा लांबणार आहे, जागा असेल तेवढं छापा, नसेल तर मधलं कापा पण मुद्दा तेवढा कापू नका. मुद्दा असा की वर्षातून एकदा मुलांना बसमध्ये कोंबून कुठल्यातरी लांबच्या ठिकाणी नेऊन आणायची जी पद्धत पडलीये ती आता पुरे झाली. त्याऐवजी शाळेपासून चालत जाता येईल अशी एकच साधी जागा निवडा आणि तीच मुलं त्याच जागी वर्षातून चार-पाच वेळा न्या. बास, एवढंच म्हणणं आहे, बाकी सगळं हे का आणि कसं ते सांगण्यासाठी.

सध्या काय होतं ते सगळ्यांना माहितीये. पहाटे गेटवर जमायचं, दोन-तीन तास बस, गाणी, एक-दोघांच्या उलट्या, पोचल्यावर हजेरी, मग टॉयलेटची लाईन, मग कोणीतरी माइकवर वीस मिनिटं जैवविविधतेचं महत्त्व सांगणार आणि मागच्या रांगेतली मुलं माती उकरत बसणार (खरं तर त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम तीच करत असतात), मग डबे, मग ग्रुप फोटो, मग परत बस. दुसऱ्या दिवशी निबंध. निबंधात बसमधल्या गमती दीड पान आणि झाडं-पक्षी दीड ओळ. यात मुलांचा काही दोष नाही हो, त्यांना जे बघायला मिळालं ते त्यांनी लिहिलं.

मी जीवशास्त्र शिकवते, मुलांना बाहेर नेणं हा माझा आवडीचा भाग आहे, त्यामुळे मी सहलींच्या विरोधात आहे असं कृपया कोणी समजू नये. विरोध आहे तो लांबच्या, घाईच्या, एकदाच होणाऱ्या सहलीला.

हे बोललं की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला, की जवळ आहे काय बघण्यासारखं? शाळेमागची गवताची पट्टी, एखादं डबकं, कुंपणाची भिंत, चार झाडं. बरं, मग ऐका. चार्ल्स डार्विनने आपल्या घराजवळ तीन फूट बाय दोन फूट एवढा जमिनीचा तुकडा खणून साफ केला आणि त्यात आपोआप उगवणारं प्रत्येक तणाचं रोप मोजत गेला. एकूण ३५७ रोपं उगवली, त्यातली २९५ मेली, बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी खाल्ली. दोन शाळकरी बाकं ठेवली तर भरून जाईल एवढी जागा, आणि जगण्याची धडपड म्हणजे काय ते त्या माणसाने त्यात आकड्यांत दाखवलं. त्याचाच दुसरा उद्योग तर अजून भारी, एका छोट्या तळ्याच्या काठावरून तीन ठिकाणचा तीन चमचे चिखल उचलला, अभ्यासिकेत झाकून ठेवला, सहा महिने जे जे उगवेल ते उपटून मोजलं, आकडा निघाला ५३७. तीन चमच्यांत ५३७ रोपं! हे प्रयोग कुठल्याही शाळेत होऊ शकतात, याला बस लागत नाही, माइक लागत नाही, लागतात फक्त सहा महिने, आणि तेच आपल्याला द्यायचे नसतात.

आता नवी जागा का नको याचं कारण. हे माझं एकटीचं मत नाही, यावर अभ्यास झालेत आणि जुने आहेत. १९७८ साली अमेरिकेत फॉक, मार्टिन आणि बॉलिंग या संशोधकांनी शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांवर काम केलं, काहींना तशा प्रकारचा परिसर ओळखीचा होता, काहींना एकदम नवा. नवख्या मुलांचं बरंचसं लक्ष ती जागा समजून घेण्यातच गेलं आणि जे शिकवायचं ठरलं होतं ते कमी पोचलं. हे आपल्यालाही कळतं की, आपण एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेलो की तासभर पडदे, जिना, बाथरूम कुठंय हेच बघत असतो, यजमान काय बोलले ते नंतर आठवत नाही. मुलांचं तेच होतं, फक्त आपण त्याला मस्ती म्हणतो आणि ओरडतो.

पुढे इस्राएलमध्ये ओरियन आणि हॉफस्टाइन यांनी १९९४ च्या अभ्यासात हा नवखेपणा तीन भागांत मांडला. एक म्हणजे विषयाचा, की जे बघायचंय त्याची काहीच पूर्वओळख नसणं. दुसरा जागेचा, की आपण कुठे चाललोय हे माहीत नसणं. आणि तिसरा मनाचा, की दिवसभर काय होणार, किती चालायचंय, खायला कधी मिळणार, ऊन लागेल का, हे माहीत नसणं. ज्या मुलांची ही तयारी आधी वर्गात करून घेतली ती बाहेर जाऊन जास्त शिकली. मला यातला तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही. मुलीला जर टेन्शन असेल की तिथे टॉयलेट आहे की नाही, तर तिला तुम्ही फुलपाखराचं जीवनचक्र काय दाखवणार? म्हणून आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर नकाशा काढा, कुठून जायचं, कुठे बसायचं, पाणी कुठे, टॉयलेट कुठे, किती वाजता परत, काय चावू शकतं आणि चावलं तर काय करायचं, सगळं सांगून टाका. वीस मिनिटांचं काम आहे. आणि तीच जागा दुसऱ्यांदा गेलात तर हे सांगायचीही गरज उरत नाही, मुलं थेट कामाला लागतात, तिसऱ्या फेरीला तर तीच आपल्याला सांगतात की टीचर, मागच्या वेळी इथे वारूळ होतं, आता नाहीये.

हा जो शेवटचा वाक्याचा तुकडा आहे ना, आता नाहीये, तो एका फेरीत कधीच मिळत नाही. एकदाच बघितलं तर जंगल काय, डबकं काय, ते फक्त एक चित्र असतं. परिसर बदलतो, कोणीतरी कोणालातरी खातं, जागा बळकावतं, मरतं, पुन्हा येतं, हे कळायला आधीचं आणि नंतरचं असं दोन्ही लागतं. इकॉलॉजीतली मोठी कामं अशीच झालीत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला गवताचं एक कुरण आहे, १८५६ पासून त्याच कुरणाच्या वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी खतं घालून बघणं चालू आहे, आजही. ज्यांना खत घातलं नाही तिथे अजून डझनावारी जातींची झाडं-गवतं एकत्र नांदतायत आणि काही तुकड्यांत जिथे अमोनियमचं खत वर्षानुवर्षं पडलं तिथे दोन-तीन जाती उरल्यात. दुसरं उदाहरण अमेरिकन संशोधक रॉबर्ट पेन यांचं. १९६३ पासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे उचलायचे आणि समुद्रात फेकायचे, पुन्हा जायचं, पुन्हा फेकायचे. शेजारचा पट्टा तसाच ठेवला. शिंपले खाणारे तारामासे गेले तसे शिंपल्यांनी खडक व्यापला आणि १५ जातींच्या जागी ८ उरल्या. आज पाठ्यपुस्तकात कीस्टोन प्रजाती (जी गेली की बाकीच्यांचा सगळा डोलारा बदलतो अशी प्रजाती) म्हणून जे दोन मार्कांना येतं ते या परत परत जाण्यातून आलंय.

आता प्रत्यक्ष करायचं काय, कारण नुसतं बाहेर नेऊन सोडून दिलं तर मुलं पकडापकडी खेळणार (खेळू दे, पहिली दहा मिनिटं खेळूच दे). माझा अनुभव असा की एका फेरीला एकच प्रश्न पाहिजे. दहा प्रश्नांची वर्कशीट दिली की मुलं वर्कशीटकडे बघतात, जमिनीकडे बघत नाहीत, आणि एकाने भरलेलं बाकी सगळे कॉपी करतात. एकच प्रश्न, उदाहरणार्थ झाडाखाली जास्त प्रकारची गवतं आहेत की उन्हात? मग एक मीटर बाय एक मीटरची सुतळीची चौकट, हवी तर अर्ध्या मीटरची, झाडाखाली पाच वेळा आणि उन्हात पाच वेळा टाकायची आणि आत किती वेगवेगळ्या पानांचे प्रकार आहेत ते मोजायचं. नावं नाही आली तरी चालतं, "लांब केसाळ पान", "तीन पानांचं", असं लिहा. चौकट कुठे टाकायची ते मुलांवर सोडलं तर ती बरोब्बर फुलं दिसतात तिथेच टाकतात, तेव्हा मग डोळे मिटून टाका किंवा चिठ्ठ्यांनी आकडे काढून तेवढी पावलं चाला असं सांगायचं, आणि असं का करायचं यावर जी चर्चा होते ती गणिताच्या शिक्षकांनी येऊन ऐकावी अशी असते.

पालापाचोळा हा तर खजिना आहे. पांढऱ्या ट्रेमध्ये दोन ओंजळी ओलसर पाचोळा पसरला की पाच मिनिटांत गोम, पैसाकिडा, कोळी, बारीक गोगलगायी, आणि टाचणीच्या टोकाएवढे टुणकन उड्या मारणारे स्प्रिंगटेल. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी नरसाळं घ्या, आत जाळी, जाळीवर पाचोळा, वर बल्ब, खाली ओला कागद ठेवलेली बरणी. उजेड आणि कोरडेपणा टाळायला जीव खाली खाली सरकतात आणि बरणीत पडतात. बर्लेसे नावाच्या इटालियन माणसाने १९०५ मध्ये ही युक्ती काढली आणि टुलग्रेनने १९१८ मध्ये त्याला बल्ब जोडला, आजही संशोधक हेच वापरतात. बघून झालं की सगळे परत पाचोळ्यात. बरं, या स्प्रिंगटेलची एक गोष्ट मुलांना फार आवडते. पाऊस पडल्यावर मातीचा जो वास येतो त्यातला मोठा भाग जिओस्मिन नावाच्या रसायनाचा, ते बनवतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस नावाचे बॅक्टेरिया. कशासाठी बनवतात हे कोडंच होतं, मग २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्या वासाने स्प्रिंगटेल ओढले जातात, बॅक्टेरिया खातात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून आणि विष्ठेतून दुसरीकडे पोचवतात. म्हणजे ज्या वासावर आपण कविता करतो ती मुळात एका किड्याला दिलेली हाक आहे. हे वर्गात सांगितलं तर एक मजेशीर माहिती, पण ओल्या मातीवर उकिडवं बसून, समोर ट्रेमध्ये तोच किडा उड्या मारत असताना सांगितलं तर मुलं नाक मातीला लावून बघतात.

ओढा किंवा वाहतं पाणी जवळ असेल तर त्याहून चांगला वर्ग नाही. घोट्याएवढ्या पाण्यात, त्याच्यापेक्षा खोल अजिबात नाही, तळाचे दगड हळू उचलायचे, खालच्या बाजूला चिकटलेले जीव ब्रशने ट्रेमध्ये घ्यायचे, दगड होता तसा परत. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या उडणाऱ्या किड्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं मिळाली तर पाण्यात ऑक्सिजन चांगला आहे, कारण ती कल्ल्यांनी श्वास घेतात आणि बऱ्याच जातींना घाण पाणी सोसत नाही. उलट नुसत्या लाल अळ्या वळवळत असतील तर समजायचं पाणी बिघडलंय, त्या अळ्या लाल दिसतात त्या हिमोग्लोबिनमुळे, म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या टिकतात. ब्रिटनमध्ये यावरून गुण द्यायची एक पद्धत १९८० च्या सुमारास बसवली गेली, पाण्यातल्या किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण, नाजूक मेफ्लाय-स्टोनफ्लायच्या कुळांना १०, लाल अळ्यांना २, गांडुळाच्या नात्यातल्या चिवट किड्यांना १, मग बेरीज आणि सरासरी. प्रत्येक भागातले किडे वेगळे त्यामुळे तो तक्ता जसाच्या तसा सगळीकडे चालणार नाही हे मुलांना आधीच सांगावं, पण कल्पना सातवीतल्या पोराला पण कळते. आणि एकदा मुलांनी स्वतः गुण काढले की त्यांना त्या पाण्याबद्दल एक मालकीची भावना येते, दोन महिन्यांनी गुण घसरले तर कोणी काय सोडलं याची चौकशी तीच करायला लागतात, आणि मग मोठ्यांची जरा पंचाईत होते, पण ते असो.

ओढा नसेल तर भिंती आणि झाडांची खोडं आहेतच. खोडावरचं दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा संसार, मुळं नाहीत, सगळं हवेतूनच घेणार, त्यामुळे हवेतला सल्फर डायऑक्साइड वाढला की आधी ते मरतं. १८६६ मध्ये निलँडर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या एका बागेतली दगडफुलं पाहून हवेच्या चांगल्या-वाईटाशी त्यांचा संबंध जोडला होता. तेव्हा ना मशीन होतं ना अॅप. रस्त्याकडच्या झाडांवर किती आणि आतल्या झाडांवर किती, एवढं एका फेरीत मोजून होतं.

नावांबद्दल थोडं. ब्रिटनमधल्या ४ ते ११ वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास २००२ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आला होता, मुलांना पोकेमॉन या कार्टूनमधली पात्रं आणि आसपासचे प्राणी-झाडं यांची चित्रं दाखवली, तर आठ वर्षांच्या पुढची मुलं पोकेमॉन जास्त ओळखत होती. यावर लोक नेहमी अरेरे आजची पिढी असं करतात. मला उलट वाटतं. मुलांची नावं लक्षात ठेवायची ताकद जबरदस्त आहे हेच यातून दिसलं, आपण त्यांना ओळख करून द्यायला कमी पडतो. पण म्हणून फेरीची सुरुवात नावांनी करू नका. "हे काय आहे" च्या आधी "हे काय करतंय" विचारा. नाव सांगितलं की मूल वहीत लिहितं आणि पुढे जातं, बघणं तिथेच संपतं. पाच मिनिटं बघू दे, मग नाव द्या, मग ते चिकटतं. आणि झाडांकडे जरा ओढून न्यावं लागतं, कारण माणसाचं लक्ष हलणाऱ्या गोष्टींकडे जातं आणि झाडं मागचा पडदा होऊन जातात, याला संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्लांट ब्लाइंडनेस असं म्हटलंय. साधा उपाय आहे, प्रत्येक मुलाला एक झाड वर्षभरासाठी वाटून द्या. घेर जमिनीपासून १.३ मीटरवर मोजायचा, पालवी कधी, कळी कधी, कोण येऊन बसतं, सगळी वही त्या झाडाची.

झाडं-प्राणी ओळखायला अॅप वापरायचं तर वापरा, आयनॅचरलिस्टसारखी चांगली आहेत, पण फोन फक्त शिक्षकाच्या हातात आणि शेवटच्या दहा मिनिटांत. मुलांच्या हातात फोन दिला की सेल्फी सुरू. आणि घरट्यांचे, दुर्मीळ प्राण्यांचे फोटो नेमक्या लोकेशनसकट टाकू नका, ते कोण कोण बघतं याचा भरवसा नसतो.

गर्दीचा विषय काढलाच पाहिजे. दोनशे मुलं एकदम नेली तर पक्षी काय, शेजारचे कुत्रेही पळून जातात. अर्थात याची परंपरा जुनी आहे, झाडा-प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत बसवणारा लिनियस अठराव्या शतकात स्वीडनमध्ये उप्सालाला विद्यार्थ्यांना घेऊन निघायचा तेव्हा कधी कधी दोन-तीनशे लोक असायचे आणि संध्याकाळी सगळी वरात ढोल आणि शिंगं वाजवत गावात परत यायची म्हणे. पण तो लिनियस होता आणि त्याला मुख्यतः झाडं बघायची होती, झाडं पळत नाहीत. आपण एका वेळी एक वर्ग न्यावा, त्यातही सात-आठ जणांचे ग्रुप, प्रत्येक ग्रुपला एक मोठं माणूस, पालकांना बोलवा की, येतात आनंदाने. आणि प्रत्येक फेरीत दहा मिनिटं एकेकट्याने, एकमेकांपासून थोडं लांब, न बोलता एका जागी बसणं. पहिल्यांदा हसतात, दगड फेकतात, तिसऱ्या फेरीपर्यंत मात्र तीच वेळ मागून घेतात, विशेषतः ती मुलं जी वर्गात जास्त बोलत नाहीत.

सुरक्षेबद्दल पालकांना भीती असते ती मला अगदी मान्य आहे, आणि जवळची जागा हे त्यावरचंही उत्तर आहे कारण ती शिक्षकाला पाठ असते. तरी प्रत्येक फेरीच्या आदल्या दिवशी एकाने जाऊन बघून यायलाच पाहिजे, मधमाश्यांचं पोळं नवीन बसलंय का, फांदी लोंबकळतेय का, पाणी वाढलंय का. अॅलर्जी आणि दम्याची यादी खिशात, औषध बॅगेत, आणि बॅग शाळेत न विसरता बरोबर. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर असा हिशोब, ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. व्हीलचेअरवरचं मूल वर्गात असेल तर जागाच अशी निवडा की ते पोचेल, त्याला वर्गात बसवून बाकीच्यांना नेणं हा पर्यायच नाही. लांबच्या सहलींमध्ये ही मुलं हमखास गळतात आणि ज्यांच्या घरी पैशाची चणचण आहे ती पण, "मला यायचंच नव्हतं" असं सांगून. चालत जायच्या फेरीला फी नसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

आपल्याकडून त्या जागेला त्रास होऊ नये हेही आलंच. बेडूक हातात घ्यायचे नाहीत, एका पाण्यात वापरलेले बूट आणि जाळ्या धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात न्यायच्या नाहीत. हे नुसतं सोवळं नाहीये, बेडकांच्या कातडीला लागणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभर बेडकांसारख्या उभयचरांच्या किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा कायमच्या गेल्या असं २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात आलंय, आणि ही बुरशी ओल्या सामानावरून पसरू शकते. क्रीम लावलेले हात पाण्यात बुडवण्याआधी धुवा. घरी न्यायला फक्त वहीतली नोंद, बाकी काही नाही.

राहिला पोर्शनचा प्रश्न. वेळ कुठंय, परीक्षा डोक्यावर, बाहेरून आलेली मुलं पुढच्या तासाला काबूत राहत नाहीत. हे शेवटचं तर सपशेल चूक निघालंय. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कुओ आणि सहकाऱ्यांनी तिसरीच्या वर्गांत बघितलं, एकच शिक्षक, तीच मुलं, कधी धडा बाहेर हिरवळीत कधी आत, आणि त्यानंतरच्या तासाला शिक्षकाला किती वेळा शिकवणं थांबवून मुलांना जागेवर आणावं लागतं ते मोजलं. बाहेरच्या धड्यानंतर ते प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. छोटा अभ्यास आहे, दोनच वर्गांचा, पण ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या वर्गात मोजून बघावं, पेन्सिल आणि कागद लागतो. आणि डोळ्यांचं तर ठळक आहे, चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत सहा-सात वर्षांच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीचा बाहेरचा तास दिला, तीन वर्षांत त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना मायनसचा (लांबचं धूसर दिसण्याचा) चष्म्याचा नंबर लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. हे २०१५ मध्ये छापून आलंय. एक फेरी म्हणजे दोन तास, वर्षात पाच फेऱ्या म्हणजे दहा तास, आणि लांबच्या एका सहलीत फक्त बसमध्ये आणि लाईनमध्ये त्यातले जवळपास निम्मे जातात.

खरी अडचण वेगळी आहे, ती म्हणजे शिक्षकांना वाटणारी धास्ती, की मुलांनी विचारलं हे काय आणि मला नाही आलं तर? माझ्या बरोबरच्या चांगल्या चांगल्या शिक्षकांना ही धास्ती आहे, वर्गात पुस्तक समोर असतं, बाहेर कोणता किडा निघेल सांगता येत नाही. यावर ट्रेनिंग वगैरे होतच राहील, पण एकच जागा परत परत घेतली तर हीही अडचण सुटते, कारण पहिल्या फेरीला न आलेलं नाव दुसऱ्या फेरीपर्यंत शोधून आणता येतं, आणि वर्षाअखेर त्या अर्ध्या एकरात त्या शिक्षकाइतकं माहीत असलेलं दुसरं कोणी नसतं.

आता आपल्याकडे एक मागणी. आपल्या पुरवणीत आठवड्यातून एक छोटा कोपरा शाळांच्या नोंदींसाठी द्याल का? तारीख, कुठल्या प्रकारची जागा, काय दिसलं, किती, कोणत्या इयत्तेने पाहिलं, एवढ्या दोन-दोन ओळी. मुलांची नावं आणि फोटो नकोत, इयत्ता पुरे. पहिलं फूल, पहिला बेडकाचा आवाज, पहिली मुंग्यांची उडती वरात, आणि "या वेळी एकही चतुर दिसला नाही" असंही छापा कारण न दिसणं ही पण नोंदच असते. दोन-तीन वर्षं हे चाललं तर कुठल्या महिन्यात काय असतं याची एक यादी आपोआप तयार होईल, मुलांनी केलेली. नोंदी गोळा करणं, तपासणं, टाईप करून पाठवणं हे काम मी आणि माझ्या काही सहकारी शिक्षिका करायला तयार आहोत. किती ओळींची जागा मिळेल आणि कुठल्या वारापर्यंत मजकूर लागतो तेवढं कळवा.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका